माऊलींची पाळी

गुडघे गेले तसं आबाजींनी शेत सोडलं; शेगावच्या गजानन महाराज संस्थानातली सेवेची पाळी मात्र सोडली नाही. खामगावकडच्या आमच्या गावातून माणसं टोळीनं सेवेला जात. पगार नाही, मान एकच: समोरचा आठ वर्षांचा असो की ऐंशीचा, त्याला ‘माऊली’ म्हणायचं. आबाजींच्या वाट्याला चपला आल्या. बसल्या जागी जोडा घ्यायचा, बिल्ला द्यायचा. खणापर्यंत मी धावायची. ‘पाय तुये, डोस्कं माह्यं,’ ते म्हणत.

२३ फेब्रुवारी १८७८ रोजी गजानन महाराज शेगावात प्रथम दिसले, ते उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचताना. १९०८ मध्ये संस्थान उभं राहिलं, ८ सप्टेंबर १९१० ला महाराजांनी समाधी घेतली. पुढं संस्थानच्या शिवशंकरभाऊ पाटलांनी सेवाधाऱ्यांची शिस्त बसवली. तिचं कौतुक व्यवस्थापनवाले फार करतात. मला त्यात आमच्या ओसरीचीच रीत दिसते. म्हाताऱ्याला काम असायचंच, फक्त त्याच्या अंगाला झेपेल तेवढं.

आजीला चपलांचं कामही झेपेना. डोळे अधू झालेले, मग घरीच वाती वळायची. तिच्यासाठी दासगणूंच्या ‘श्रीगजाननविजय’चे एकवीसही अध्याय मी मोठ्यानं वाचायची. कंटाळून एखादी ओवी गाळली, की ती वातीवरची बोटं थांबवून म्हणे, ‘मांगं जाय.’