जुन्या मोटारसायकलच्या ब्रेकचा पाइप बदलताना

डिस्क ब्रेकमध्ये लिव्हरचा दाब ब्रेक ऑइलमार्फत कॅलिपरपर्यंत पोहोचतो. द्रव जवळजवळ दबत नाही. हवा मात्र दबते. म्हणून ऑइलमध्ये बुडबुडे शिरले, की लिव्हर लिबलिबीत लागतो. जुना रबरी पाइप भेगाळतो, दाबाखाली फुगतो, तर कधी आतून सुजून ऑइलची परतीची वाट अडवतो व ब्रेक जाम करतो.

ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषते. नव्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ओल मुरल्यावर तो १५५ अंशांच्या आसपास उतरू शकतो. चोर्ला घाटासारख्या लांब उतारावर ब्रेक तापले, की अशा ऑइलची वाफ होऊन ब्रेक निकामी होण्याचा धोका असतो. दमट कोकणपट्टीत ते दर दोन वर्षांनी बदलणे हिताचे.

नवा पाइप बसवताना तांब्याचे वॉशरही नवेच घालावेत. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाइप ताणला जात नाही, याची खात्री करावी. सांडलेले ऑइल रंग खाते. ते तत्काळ पाण्याने धुवावे.

हवा काढण्यासाठी कॅलिपरच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतील ऑइलमध्ये बुडवावे. लिव्हर दाबून धरावा, निपल किंचित सैल करावे, पुन्हा आवळावे आणि मगच लिव्हर सोडावा. बुडबुडे थांबेपर्यंत ही कृती करावी. वरची टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नये. अखेरीस लिव्हर जोराने दाबून सांधे तपासावेत आणि मोकळ्या जागी संथ वेगात ब्रेक पारखूनच रस्त्यावर यावे.