तारेच्या पिळाची कुळकथा

लॅनची केबल सोलली की आत आठ बारीक तारा निघतात, दोन-दोनच्या चार जोड्यांत. निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी, आणि प्रत्येकीच्या जोडीला तिच्याच रंगाचा पट्टा ओढलेली पांढरी. जोडीतल्या दोघी एकमेकींना पीळ घालून बसलेल्या. बारकाईने पाहिलं तर चारही पीळ सारखे नसतात. एकीचा घट्ट, दुसरीचा सैल. ही नजरचूक नव्हे. पीळ सारखे असते, तर शेजारच्या दोन जोड्यांच्या तारा वळणावळणाला समोरासमोर आल्या असत्या आणि एकीतलं दुसरीत झिरपलं असतं.

हा पीळ संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे. १८७६ साली टेलिफोन आला तेव्हा त्याने तारयंत्राचीच रीत उचलली. खांबांवरून एकच लोखंडी तार न्यायची, दोन्ही टोकं जमिनीत उतरवायची. करंट परतायचा तो जमिनीतून. निम्मी तार वाचे. तारयंत्राला हे खपून गेलं, कारण तिथे कट्ट वाजलं की नाही एवढंच कळायला हवं होतं. टेलिफोन मात्र फार हलक्या करंटवर चाले. शेजारच्या तारेवरची कटकट, दुसऱ्या कुणाचं बोलणं, आकाशातल्या विजांची खरखर, सगळं त्यात उतरे.

अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ साली यावरच्या उपायाचं पेटंट घेतलं. परतीला जमीन नको, दुसरी तार घ्या आणि दोन्ही एकमेकींभोवती पिळा. बदलतं चुंबकीय क्षेत्र दोन तारांमधल्या जागेतून गेलं की त्या तारांत व्होल्टेज उपजतं; जागा जितकी मोठी, तितका गोंगाट जास्त. पीळ घातला की त्या लांबलचक जागेचे लहान लहान कप्पे होतात आणि दर कप्प्याला तारांची बाजू बदलते. एका कप्प्यात जे शिरतं, तेच पुढच्यात उलट्या दिशेने शिरतं, आणि बेरीज जवळपास शून्यावर येते. उरलंसुरलं दोघींवर सारखंच चढतं. ऐकणारं यंत्र दोघींतला फरक तेवढा ऐकतं. हे उलटही खरं: अशी जोडी बाहेरचं घेत नाही, तशी आपलं बाहेर सांडतही नाही.

मला स्वतःला यातली मोठी गोष्ट पीळ वाटत नाही, दुसरी तार वाटते. करंट गेला की परत येणारच. त्याला आपण वाट दिली नाही, तर तो मिळेल त्या वाटेने येतो आणि त्या वाटेवरच्या सगळ्यांना त्रास देतो.

पण दुसरी तार म्हणजे दुप्पट तार. कंपन्या टाळत राहिल्या. १८८४ साली बॉस्टन ते न्यूयॉर्क ही लांब पल्ल्याची लाइन तांब्याच्या दोन तारांवर चालली, तरी शहरांत एकेरी तार टिकून होती. तिला खरा धक्का दिला विजेच्या ट्रामने. १८८८ साली फ्रँक स्प्रेग यांनी रिचमंड शहरात ट्राम सुरू केली आणि गावोगावी तिचं अनुकरण झालं. ट्रामचा करंट रुळांतून आणि जमिनीतून परते. टेलिफोनचाही त्याच जमिनीतून. रिसीव्हर गुरगुरू लागले. टेलिफोन कंपन्या कोर्टात गेल्या, पण जमीन काही कुणा एकासाठी राखीव नाही, असाच अमेरिकी कोर्टांचा एकूण कल राहिला. मग मात्र दुसरी तार ओढावीच लागली.

खांबांवरच्या उघड्या तारा पिळणं शक्य नव्हतं, म्हणून ठराविक खांबांनंतर त्यांच्या जागांची अदलाबदल करत. उच्च दाबाच्या लांब लाइनींवर तारांची जागा आजही अशीच बदलतात.

१९९० साली टेलिफोनच्या या साध्या जोडीवरून सेकंदाला १ कोटी बिट धाडणाऱ्या इथरनेटचं मानक आलं आणि जाडजूड कोॲक्सिअल केबल ऑफिसांतून गेली. जॅक बसवताना जोडीचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडायचा नाही, हा नियम वायरमनच्या मागे आहे. दोन-दोन इंच तारा सरळ करून छान विंचरून बसवलेला जॅक दिसतो नेटका, पण पिळाचं काम तिथेच थांबतं.

सर्किट बोर्डावर तारा पिळता येत नाहीत. तिथे दुसऱ्या तारेचं काम खालचा तांब्याचा अखंड थर करतो. वेगवान सिग्नलचा परतीचा करंट त्या थरातून बरोबर सिग्नलच्या रेघेखालूनच वाहतो, कारण तिथे दोघांतली जागा सर्वांत कमी असते. त्या थरात कुणी सोयीसाठी आडवी फट पाडली, की करंटला वळसा पडतो, जागा मोठी होते आणि बोर्डाचा अँटेना होतो. असा नमुना चाचणीत नापास झाला की धावपळ सुरू होते ती केबलला फेराइटचा मणी लावण्याची, वर पत्र्याचं झाकण घालण्याची. प्रत्येक नगामागे हा खर्च वाढत जातो. फट बुजवायला किंवा रेघ फटीवरून न नेता बाजूने न्यायला, ड्रॉइंग पडद्यावर असताना एक पैसाही लागला नसता.