शीघ्रपतनाचा विचार : वात्स्यायनापासून घड्याळापर्यंत

संभोगसमयी पुरुषाचे वीर्यस्खलन त्याच्या इच्छेपूर्वीच व्हावे, या तक्रारीस आपण ‘शीघ्रपतन’ म्हणतो. शब्द रूढ आहे. परंतु त्यातील ‘पतन’ निरुपद्रवी नाही. मराठीत पतन चारित्र्याचेही होते, आणि त्या अर्थाची सावली या शब्दावर पडल्यावाचून राहत नाही. वैद्यापुढे तोंड उघडण्यापूर्वीच रोग्याच्या माथी दोष बसतो. हा दोष तेथे कसा आला, हे पाहणे उद्बोधक आहे. कारण आपल्या दोन प्रमुख प्राचीन ग्रंथांत त्याचा मागमूस नाही.

कामसूत्राच्या दुसऱ्या अधिकरणाच्या आरंभी वात्स्यायनाने स्त्रीपुरुषांचे वर्ग प्रमाण, काल व भाव या तीन कसोट्यांवर पाडले आहेत. कालाच्या दृष्टीने कोणी शीघ्र, कोणी मध्य, कोणी चिर. हे वर्ग पुरुषांप्रमाणे स्त्रियांनाही लावलेले असल्यामुळे शीघ्रता हा एकट्या पुरुषाचा दुर्गुण ठरत नाही. ती जोडीतील विषमता ठरते. स्त्रीला पुरुषाप्रमाणे तृप्तीचा क्षण असतो की नाही, यावर त्याच ठिकाणी पूर्वाचार्यांचा वाद दिला आहे. त्या वादात एक पुरावा असा मांडला आहे की, चिरकाल टिकणाऱ्या पुरुषावर स्त्रिया अनुरक्त होतात, आणि जो लवकर आटोपतो त्याच्यावर रुष्ट होतात. म्हणजे स्त्रीची तक्रार तेथे शास्त्रीय प्रमाण म्हणून दाखल झालेली आहे! पुढे तर असे निरीक्षण येते की, पहिल्या समागमात पुरुष शीघ्र असतो आणि नंतरच्या समागमांत ती स्थिती उलटते. आजचा कोणताही डॉक्टर या विधानावर सही करील. चरकसंहितेने हाच विषय वातव्याधीच्या प्रकरणात घेतला आहे. शुक्रस्थानी वायू बिघडला म्हणजे शुक्र एक तर लवकर सुटते किंवा अडून राहते, असे तेथील निदान. ते आज ग्राह्य वाटो न वाटो, पण ते निदान आहे, निर्भर्त्सना नव्हे.

निर्भर्त्सनेची मुळे दोन. वीर्यनाश म्हणजे बलनाश ही समजूत आपल्याकडे जुनीच होती. तिला अठराव्या शतकात युरोपातून जोड मिळाली. स्वित्झर्लंडमधील तिसो या वैद्याने १७६० च्या सुमारास हस्तमैथुनावर ग्रंथ लिहून असंख्य व्याधींचे खापर त्यावर फोडले, व तो ग्रंथ युरोपभर वाचला गेला. या दोन प्रवाहांच्या संगमावर ‘धातुदौर्बल्या’ची दुकाने उभी राहिली. धातू जाण्याच्या या भीतीने पछाडलेल्या तरुणांच्या लक्षणांना डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये मनोविकारशास्त्रात स्वतंत्र नाव दिले; शीघ्रपतनाची तक्रार त्या लक्षणांसोबत वारंवार आढळते. मराठीत या अंधारात दिवा लावण्याचे श्रेय र. धों. कर्वे यांचे. १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालविले आणि त्यापायी अश्लीलतेचे खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले होते.

पाश्चात्त्य वैद्यकाची वाटही सरळ नव्हती. १९१७ मध्ये कार्ल अब्राहम या मनोविश्लेषकाने या विकाराच्या मुळाशी स्त्रीविषयीचे सुप्त वैर शोधले. उलट १९४८ मध्ये अमेरिकेत किन्से यांनी सांगितले की, सुमारे तीन चतुर्थांश पुरुषांचे स्खलन दोन मिनिटांच्या आत होते. अन्य प्राण्यांकडे पाहता यात विकार कसला? एकाने पुरुषाला गुन्हेगार केले, दुसऱ्याने निर्दोष सोडले. स्त्रीची साक्ष मात्र दोघांनीही काढली नाही.

तिला पुन्हा प्रवेश मिळाला तो १९५६ मध्ये, जेम्स सीमन्स या मूत्ररोगतज्ज्ञाच्या एका छोट्या निबंधाने. त्यांची युक्ती साधी होती. पत्नीने हाताने उत्तेजन द्यावे. स्खलन जवळ आल्याची जाणीव होताच पतीने तिला थांबवावे. वेग ओसरला की पुन्हा आरंभ करावा. अशा आवर्तनांनी पुरुषाला स्वतःचा वेग ओळखता येऊ लागतो. जे चारित्र्याचे दौर्बल्य मानले जात होते, ते शिकण्याजोगे कौशल्य ठरले, आणि शिकण्यास दोघे लागतात हेही ठरले. मास्टर्स व जॉन्सन यांनी १९७० मध्ये याला दाब देण्याच्या क्रियेची जोड दिली व मोठे यश सांगितले. तितके यश पुढे इतरांना आले नाही, आणि सराव सुटल्यावर लाभ ओसरतो असेही आढळले.

त्यानंतर औषधे आली, तीही आडवाटेने. खिन्नतेवरील काही औषधांनी स्खलनास विलंब होतो, हा त्यांचा दुष्परिणाम मानला जाई. तोच येथे उपाय झाला. संवेदना मंद करणारी मलमेही वापरात आहेत. आधी ठीक असलेल्या पुरुषास ही तक्रार नव्याने उद्भवली, तर शिश्नोत्थानातील अडचण, अष्ठीलेचा दाह किंवा कंठग्रंथीचा अतिरेक यांचा शोध डॉक्टर घेतात. जाहिरातीतला वैद्य तो घेत नाही.

राहिला मोजमापाचा प्रश्न. डच संशोधक वाल्डिंगर यांनी जोडप्यांच्या हाती चक्क घड्याळ दिले. पाच देशांतील जोडप्यांच्या या मोजणीत, २००५ मध्ये प्रसिद्ध झाल्याप्रमाणे, मध्यक ५.४ मिनिटे आला. टोके अर्ध्या मिनिटापासून ४४ मिनिटांपर्यंत होती. तासाची बढाई ऐकून स्वतःस रोगी समजणाऱ्याने हा आकडा अवश्य पाहावा. २००८ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने आजन्म विकाराची व्याख्या केली, तीत केवळ सुमारे एका मिनिटाची मर्यादा पुरेशी मानली नाही. स्खलन लांबविण्याची असमर्थता आणि त्यापायी होणारा मनस्ताप याही अटी घातल्या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचीत ‘अकाली’ या अर्थाचा जुना इंग्रजी शब्द गाळून ‘लवकर’ या अर्थाचा साधा शब्द घेतला आहे. मराठीत ‘शीघ्रस्खलन’ हा पर्याय उपलब्ध आहे, आणि वात्स्यायनाचे ‘शीघ्रवेग’ तर त्याहून जुने आहे. पाट्यांवर मात्र अद्याप ‘पतन’च आहे.