शिडाच्या जुन्या नौकेत डोलकाठीचा आधार का खचतो आणि तो कसा बदलतात?

पावसाळ्यात घरातलं दार घट्ट बसू लागलं, तर लाकूड फुगलं असेल म्हणून आपण ते सोडून देतो. शिडाच्या जुन्या नौकेत मात्र केबिनचं दार अडकू लागलं, तर अनुभवी मालक आधी डोलकाठीखाली काय चाललंय ते बघतात. दाराची चौकट तिरकी झाली असेल, तर वरचं डेक खाली बसलेलं असू शकतं. आणि डेक बसण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे डोलकाठीचा खचलेला आधार.

हा आधार म्हणजे नेमकं काय?

डोलकाठी उभी करण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत ती डेकमधून आरपार जाऊन थेट नौकेच्या तळाशी टेकते. दुसऱ्या पद्धतीत ती डेकवर बसवलेल्या धातूच्या बैठकीवर उभी असते. यामुळे ती उतरवणं सोपं जातं. पण एकटं डेक तिचा भार पेलू शकत नाही. त्यामुळे बैठकीच्या बरोबर खाली, केबिनमध्ये एक खांब असतो. त्याला 'कॉम्प्रेशन पोस्ट' म्हणतात. हा खांब डेकवरचा भार तळापर्यंत पोहोचवतो.

१९७१ मध्ये बाजारात आलेली 'कॅटलिना २७' ही अमेरिकन नौका याच पद्धतीची आहे. तिच्या ६ हजारांहून अधिक नौका बांधल्या गेल्या. आज त्यातली सर्वांत नवी नौकाही ३० वर्षांहून जुनी आहे. अशा नौका विकत घेताना डेक आणि खांबाखालचा लाकडी ठोकळा आवर्जून तपासला जातो.

खांबावर इतका भार कुठून येतो?

डोलकाठीचं स्वतःचं वजन फार नसतं. खरा दाब येतो तो तिला चहूबाजूंनी ताणून धरणाऱ्या स्टीलच्या तारांमुळे. तंबूच्या दोऱ्या जितक्या ओढाव्यात, तितका मधला बांबू जमिनीत रुततो. इथेही तसंच होतं. शिडात वारा भरला की वाऱ्याकडच्या तारांवरचा ताण आणखी वाढतो. जोराच्या वाऱ्यात डोलकाठीच्या तळावरचा दाब नौकेच्या एकूण वजनाइतका किंवा त्याहूनही जास्त होऊ शकतो. कॅटलिना २७ चं वजन सुमारे ३ टन आहे. यावरून या दाबाचा अंदाज येतो.

मग बिघडतं काय?

बहुतेक वेळा खांब धडधाकटच असतो. खराब होतं ते त्याच्या वरचं आणि खालचं लाकूड.

फायबरग्लासचं डेक सँडविचसारखं असतं. दोन पातळ थरांमध्ये प्लायवूड किंवा बाल्साचं हलकं लाकूड भरलेलं असतं. बैठकीचे बोल्ट आणि वायरिंगसाठी पाडलेली भोकं यांतून वर्षानुवर्षं पाणी झिरपतं आणि हे लाकूड कुजतं. खाली, नौकेच्या तळाशी पाणी साचणाऱ्या खोलगट जागेत खांबाचा ठोकळा असतो. सतत ओल लागून तोही भुसभुशीत होतो.

कसं ओळखायचं?

- बैठकीभोवती डेकला खळगा पडणं किंवा वर्तुळाकार तडे जाणं
- केबिनची दारं अडकणं
- खांबाचा पाया काळपट, ओला किंवा टोचल्यावर मऊ लागणं
- तारा पुन्हा पुन्हा ताणूनही सैल पडणं

यातलं शेवटचं लक्षण सर्वांत फसवं आहे. तार सैल दिसली की ती आवळावी, असं कुणालाही वाटतं. पण आवळल्याने दाब वाढतो, कुजलेलं लाकूड आणखी दबतं आणि तार पुन्हा सैल होते. सैल तारांनी मोठ्या लाटांत डोलकाठी हिसके खाते आणि कोसळूही शकते.

दुरुस्ती कशी होते?

सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे क्रेनने डोलकाठी उतरवणं. काही जण तारा ढिल्या करून, डेकखाली जॅक लावून डोलकाठी उभी असतानाच काम करतात. मात्र जॅकचा भार फळ्यांवर पसरवला नाही, तर डेक किंवा तळ फुटू शकतो.

त्यानंतर साधारण असा क्रम असतो:

१. खांब काढण्याआधी त्याची उंची मोजून ठेवतात. डेक खचलेलं असेल, तर जुनी लांबी जशीच्या तशी वापरून चालत नाही. डेकचा मूळ बाक किती होता, हे ठरवावं लागतं.

२. खचलेलं डेक जॅकने थोडं थोडं उचलतात. घाई केल्यास नवे तडे जातात.

३. कुजलेला ठोकळा काढून जागा पूर्ण कोरडी करतात. तिथे भरीव फायबरग्लासचा ठोकळा इपॉक्सीने बसवतात. पाणी वाहून जायला वाट ठेवतात.

४. बैठकीखालचं ओलं लाकूड खरवडून तिथेही भरीव फायबरग्लास भरतात. बोल्टची भोकं मोठी करून इपॉक्सीने बुजवतात आणि पुन्हा पाडतात. त्यामुळे पुढे पाणी झिरपलं, तरी ते लाकडापर्यंत पोहोचत नाही.

५. खांब चांगला असेल तर तोच, नाहीतर कठीण लाकडाचा किंवा धातूचा नवा खांब घट्ट बसवतात. ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टील एकमेकांना टेकत असतील, तर मध्ये प्लॅस्टिकचा थर देतात. नाहीतर खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम झिजतं.

फक्त खांब बदलून भागेल का?

नाही. कुजलेल्या ठोकळ्यावर नवा खांब उभा केला, तर तोही खचणार. म्हणून जुनी नौका घेताना केबिनचा तळ उघडून खांबाचा पाया बघणं गरजेचं आहे. क्रेन, डोलकाठी उतरवणं आणि कुशल मजुरी धरून हा खर्च स्वस्तात मिळालेल्या नौकेच्या किमतीलाही मागे टाकू शकतो.

दुरुस्तीनंतर तारा एकदम न आवळता टप्प्याटप्प्याने ताणतात आणि पहिल्या काही फेऱ्यांनंतर ताण पुन्हा तपासतात. खांबाचा पाया कोरडा आहे ना, हे मात्र दरवर्षी पाहावं लागतं.