सही कोण करणार?

चॅलेंजर यानाचा स्फोट तुम्ही कधी ना कधी यूट्यूबवर पाहिला असेल. २८ जानेवारी १९८६, उड्डाणानंतर ७३ सेकंद, सात अंतराळवीर. मी तो व्हिडिओ आता पाहत नाही. मी वाचतो ते त्याआधीच्या सहा महिन्यांचे कागद : मेमो, कामाचे अहवाल, चौकशी आयोगासमोरच्या साक्षी. चाकणजवळच्या एका जुन्या कारखान्यात मी क्वालिटीत इंजिनिअर आहे, आणि ते कागद मला फार ओळखीचे वाटतात.

यानाचे बूस्टर रॉकेट अमेरिकेतल्या युटा राज्यात मॉर्टन थायोकॉल ही कंपनी बनवायची. थायोकॉल १९२९ सालची. सुरुवातीला ती कृत्रिम रबर बनवायची, म्हणून नावातच ग्रीक भाषेतले गंधक आणि डिंक! बूस्टर तुकड्यांत तयार होई, रेल्वेनं फ्लोरिडाला जाई आणि तिथे जोडला जाई. सांध्यातून पेटलेला वायू बाहेर पडू नये म्हणून दोन रबरी ओ-रिंगा. घेर सुमारे बारा फूट व्यासाचा, रिंगेची जाडी जेमतेम पाव इंच.

कुकरची रिंग सैल पडली की आपल्याकडे ती थोडा वेळ फ्रीजरमध्ये ठेवतात. थंडीनं रबर आकसतं, कडक होतं. कुकरला ते चालतं. बूस्टर पेटताना मात्र सांधा किंचित उघडतो, आणि रिंगेला सेकंदाच्या छोट्याशा अंशात फुगून ती फट भरावी लागते. कडक झालेली रिंग तिथे उशीर करते.

जानेवारी १९८५च्या एका थंड दिवशीच्या उड्डाणानंतर थायोकॉलचे इंजिनिअर रॉजर बॉइजोली यांनी परत आलेला बूस्टर तपासला. दोन रिंगांमधलं ग्रीस काळंकुट्ट झालेलं होतं. म्हणजे वायू पहिली रिंग ओलांडून आत आला होता. ३१ जुलैला त्यांनी कंपनीच्या इंजिनिअरिंग विभागाच्या उपाध्यक्षांना लेखी कळवलं, की हे असंच राहिलं तर माणसं मरतील. आडवळण नाही, ‘कृपया विचार व्हावा’ नाही.

मग काय झालं? कंपनीनं एक समिती नेमली. माझ्या मते खरी गोष्ट इथे आहे, स्फोटात नाही. कोणी खलनायक उठून ‘गप्प बसा’ म्हणाला नाही. समितीला पुरेशी माणसं मिळाली नाहीत, आणि साधं सामान मागवायचं तरी कंपनीच्या खरेदीच्या कागदपत्रांत दिवस जात. ऑक्टोबरमध्ये बॉब एबेलिंग या सहकाऱ्यानं मेमोची सुरुवातच ‘हेल्प!’ या शब्दानं केली. जुन्या कंपनीत काम केलेल्या कुणालाही त्या उद्गारचिन्हामागचा थकवा कळेल.

दुसरीकडे यान दर वेळी सुखरूप परत येत होतं. रिंगा जळाल्याच्या खुणा घेऊन, पण परत. आमच्याकडे मापात न बसलेला पार्ट वापरायचा तर डेव्हिएशनचा फॉर्म भरावा लागतो. ‘यापूर्वी असा पार्ट वापरला होता का? तक्रार आली का?’ असा एक रकाना त्यात आहे. शहाण्या माणसांनी बनवलेला रकाना आहे तो. पण तिथे ‘तक्रार नाही’ असं लिहिलं की साहेबांचं पेन आपोआप पुढच्या पानावर जातं.

२७ जानेवारीच्या संध्याकाळी युटा, अलाबामा आणि फ्लोरिडा अशी तीन ठिकाणं फोनवर जोडली गेली. इंजिनिअरांचं म्हणणं, १२ अंश सेल्सिअसच्या खाली उडवू नका. त्या रात्री फ्लोरिडात पारा शून्याखाली जाणार होता. नासाचे अधिकारी वैतागले. प्रश्न फिरला : उड्डाण सुरक्षित आहे हे सिद्ध करा, असं न म्हणता धोकादायक आहे हे सिद्ध करा, अशी मागणी झाली. थायोकॉलनं पाच मिनिटं मागितली, घेतली अर्धा तास. नासा हे मोठं गिऱ्हाईक, आणि पुढच्या कंत्राटाची बोलणी चालू होती. बॉइजोली आणि आर्नी थॉम्पसन यांनी पुन्हा समजावून पाहिलं. मग एका वरिष्ठानं इंजिनिअरिंगच्या उपाध्यक्षांना सांगितलं, इंजिनिअरची टोपी काढा, मॅनेजरची घाला. हे तेच उपाध्यक्ष, ज्यांना जुलैचा मेमो गेला होता. चार मॅनेजरांनी निर्णय घेतला. इंजिनिअरांना मत विचारलंच नाही.

होकार लेखी हवा होता. फ्लोरिडात कंपनीचे ॲलन मॅक्डोनाल्ड हजर होते, सही त्यांनी करायची. त्यांनी नकार दिला. युटातून दुसऱ्यानं सही करून फॅक्स पाठवला. हे वाचताना दर वेळी मी थांबतो. एका माणसाच्या नकारानं यान थांबलं नाही, कारण जुन्या कंपनीत सही करायला दुसरं कोणीतरी असतंच. तरीही पुढे आयोगासमोर खरं सांगताना त्या नकारानं त्यांना ताठ उभं केलं.

बॉइजोलींनी कंपनी सोडली आणि इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना व्यावसायिक नीतीवर व्याख्यानं देत फिरले. एबेलिंग तीस वर्षं स्वतःलाच दोषी धरून जगले. २०१६ साली ते रेडिओवर बोलले, तेव्हा श्रोत्यांच्या पत्रांचा ढीग आला, आणि थोड्याच आठवड्यांत ते गेले. मॅक्डोनाल्डना कंपनीनं बाजूला सारलं होतं, पण अमेरिकी संसदेतून दबाव आल्यावर त्याच सांध्याची नवी रचना त्यांच्याकडे सोपवली. सप्टेंबर १९८८मध्ये डिस्कव्हरी यान उडालं. सांध्यात आता तिसरी ओ-रिंग होती, आणि रबर थंड पडू नये म्हणून हीटर.