झुगझ्वांगमधली रेल्वे

बुद्धिबळातला 'झुगझ्वांग' हा माझा आवडता शब्द. जर्मनमध्ये 'त्सूक' म्हणजे चाल, आणि आगगाडीसुद्धा! मूळ क्रियापदाचा अर्थ ओढणं. १८३५ मध्ये न्यूर्नबर्ग ते फ्युर्थ वाफेचं इंजिन डबे ओढू लागलं. जर्मन माणूस पटावरची मोहरी मात्र कित्येक शतकं आधीपासून ओढत होता. आपण ती चालवतो. 'झ्वांग' म्हणजे सक्ती: कुठलीही चाल केली तरी नुकसान, पण पाळी सोडता येत नाही. १८५८ च्या जर्मन बुद्धिबळ मासिकात हा शब्द सापडतो. इंग्रजीत तो १९०५ मध्ये, जगज्जेत्या लास्करच्या मासिकातून आला, तोही भाषांतर न होता. मराठीतही तसाच राहू द्यावा. 'चालसक्ती' म्हटलं, की आतली आगगाडी निघून जाते.