वॉटर्लूची कुळकथा

‘मीट वन्स वॉटर्लू’ म्हणजे दारुण पराभव होणे, एवढंच पाठ केलं की हा इंग्रजी वाक्प्रचार हमखास चुकीच्या जागी पडतो. निमोण्याच्या विद्यार्थ्याला तर त्याचा एक धागा आपल्याच शिरूर तालुक्यात सापडेल.

वॉटर्लू हे बेल्जियममधलं गाव. १८ जून १८१५ रोजी नेपोलियन हरला तो या गावाच्या दक्षिणेला, माँ-सँ-जाँच्या परिसरात. पण विजयी सेनापती वेलिंग्टनचा मुक्काम वॉटर्लूत होता, त्याच्या खलित्यावर तेच नाव होतं आणि लढाईला तेच चिकटलं. निम्मा युरोप नमवलेल्या सम्राटाने चार दिवसांत गादी सोडली. १८२१ साली सेंट हेलेना बेटावर कैदेतच तो वारला.

गावाचं नाव लवकरच बोलण्यात उतरलं. १८१६ साली व्हेनिसमध्ये आर्मेनियन भाषा शिकताना कवी बायरनने तिच्या अवघड लिपीला वॉटर्लू म्हटलं. १८५९ मध्ये अमेरिकी वक्ता वेंडेल फिलिप्सने भाषणात सांगितलं, की प्रत्येकाला शेवटी आपलं वॉटर्लू भेटतंच. आजचा वाक्प्रचार याच वळणाचा.

हाच वेलिंग्टन वॉटर्लूच्या आधी आर्थर वेलस्ली म्हणून दख्खनमध्ये लढला होता. १८०३ साली त्याने अहमदनगरचा किल्ला घेतला आणि २३ सप्टेंबरला आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा पराभव केला. असईला त्याच्या हाताखाली लढलेला कर्नल वॉलेस १८०९ मध्ये शिरूरच्या छावणीत वारला. त्याची कबर तिथेच आहे. लोक त्याला ‘सत्पुरुष’ मानू लागले आणि सुगीचं पहिलं धान्य कबरीवर वाहू लागले.

आता वापराचं. वॉटर्लू ज्याच्या वाट्याला येतं, तो आधी जिंकत आलेला असावा लागतो. वर्षानुवर्षं अजिंक्य राहिलेला पैलवान अखेर चितपट झाला, तर ते त्याचं वॉटर्लू. पहिल्याच परीक्षेत नापास झालेल्या मुलाला तो शब्द लागू नाही. १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतच्या लढाईनंतर मराठीत रूढ झालेलं ‘पानिपत होणे’ याच्या जवळचं आहे, पण तिथे डोळ्यांपुढे येतो तो अवघ्या सैन्याचा संहार. म्हणून आपण पक्षाचं, संघाचं पानिपत झालं म्हणतो. वॉटर्लू बहुधा एकट्याचं असतं. म्हणूनच इंग्रजीत त्याच्याआधी ‘हिज’, ‘हर’ असा मालकी दाखवणारा शब्द येतो.

तेव्हा हा वाक्प्रचार लिहिण्याआधी एक प्रश्न विचारावा: हा माणूस आजवर काय काय जिंकला होता? त्याला उत्तर नसेल, तर साधं ‘हरला’ म्हणणंच बरोबर.